केव्हिन शील्ड्सची गिटार: पेडलं कमी, हात जास्त

माय ब्लडी व्हॅलेंटाइन या रॉक बँडचा ‘लव्हलेस’ (१९९१) हा अल्बम पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास दोन गोष्टी वाटतात: गिटारचे शेकडो थर एकावर एक चढवले असणार, आणि कोरस-फ्लँजरची (आवाज डुलवणारी, घुमवणारी) पेडलं ओळीने मांडली असणार. बँडचा गिटारवादक केव्हिन शील्ड्सने मुलाखतींमधून दोन्ही नाकारलं आहे. थर मोजकेच आहेत. जे डुलतं ते त्याच्या उजव्या हातामुळे.

गिटार बहुतेक वेळा फेंडरची जॅझमास्टर किंवा जॅग्वार. तिच्या ट्रेमोलोचा दांडा (तारा सैल करून सूर उतरवणारा) शील्ड्स टेप लावून नेहमीपेक्षा वर, थोडा सैल ठेवतो. त्यामुळे पिक बोटांत असतानाच दांडा तळव्यात मावतो आणि प्रत्येक स्ट्रोकबरोबर आपोआप दाबला-सुटला जातो. आधी कॉर्ड वाजवून मग दांडा हलवला तर सर्फ रॉकमधल्यासारखी नुसती थरथर ऐकू येते. इथे दोन्ही हालचाली एकच असतात. दाब अगदी हलका हवा, अर्ध्या सुराच्या आतबाहेर. सतारीत तार ओढली की सूर चढतो, इथे तार सैल पडून उतरतो. पण सूर दोन जागांच्या मधे तरंगत राहतो ही गंमत मींडेच्या कानाला लगेच कळते.

घरी करून पाहणाऱ्यांची फजिती बहुधा ब्रिजपाशी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीपाशी, होते. या गिटारींवर ब्रिजमागे तारेचा कोन फार कमी असतो, त्यामुळे ०.००९ किंवा ०.०१० इंचाच्या बारीक तारा खाचेतून निसटतात आणि खरखरतात. ०.०११ किंवा त्याहून जाड संच लावावा, गरज पडली तर मानेखाली पातळ शिम (पाचर) घालून ब्रिज उंच करावा. ब्रिज मागेपुढे झुलतो म्हणून तो घट्ट आवळून टाकू नये. झुलण्यासाठीच तो तसा केलेला आहे. आवळला की तारा खाचेत अडकतात आणि सूर मूळ जागी परतत नाही.

दुसरा घटक रिव्हर्स रिव्हर्ब, म्हणजे उलटा वाजवल्यासारखा हळूहळू वाढत येणारा घुमारा. त्यासाठी यामाहा एसपीएक्स९० आणि अलेसिस मिडिव्हर्ब २ ही रॅकमधली यंत्रं. इथली नेहमीची चूक म्हणजे मूळ आवाज मिक्समध्ये तसाच ठेवणं. तो पूर्ण काढायचा, शंभर टक्के रिव्हर्बच ठेवायचा, आणि गिटारचा टोन नॉब बराच खाली आणायचा. स्ट्रोकची टोचणी गेली की कॉर्ड फुगत फुगत येते. ‘ओन्ली शॅलो’मधला किंचाळणारा आवाज मात्र वेगळा: दोन अँप्लिफायर समोरासमोर, दोघांच्या ट्रेमोलोचा (इथे दांडा नव्हे, आवाज लहान-मोठा करणारी सोय) वेग निराळा, मधे एक माइक. ते रेकॉर्डिंग पुढे उलटं करून सँपलरमध्येही (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र) घातलं.

ड्रम्सबद्दल थोडक्यात. ड्रमर कोल्म ओ किओसॉग तेव्हा आजारी होता, म्हणून बऱ्याच गाण्यांत त्याच्याच वादनाचे सँपल जोडून लूप केले (पुन्हापुन्हा फिरवले) आहेत.

शील्ड्सचा जन्म १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला. दहाव्या वर्षी तो डब्लिनला गेला आणि १९८३ मध्ये तिथेच बँड उभा राहिला. सुरुवातीच्या रेकॉर्ड्स नाही ऐकल्या तरी चालेल. १९८८ मधला ‘यू मेड मी रिअलाइज’ ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) आणि त्याच वर्षीचा ‘इझन्ट एनिथिंग’ अल्बम चुकवू नये. ‘लव्हलेस’ला दोनहून अधिक वर्षं आणि एकोणीस स्टुडिओ लागले, क्रिएशन या रेकॉर्ड कंपनीने नंतर बँडला सोडलं. अडीच लाख पौंड खर्चाची कथा सगळीकडे सांगितली जाते, शील्ड्सला ती मान्य नाही.

पुढे तो प्रायमल स्क्रीम या बँडबरोबर वाजवत होता, २००३ मध्ये ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ या चित्रपटासाठी काही संगीत दिलं. २००८ मध्ये बँड परतला तेव्हा श्रोत्यांना कानात घालायचे बोळे वाटले जात. ‘यू मेड मी रिअलाइज’च्या मधला एकाच कॉर्डचा गोंगाट कित्येक मिनिटं चाले, तिथे बोळे न घालणं हा शुद्ध वेडेपणा.

‘एम बी व्ही’ हा अल्बम अखेर फेब्रुवारी २०१३ मध्ये बँडच्या स्वतःच्या साइटवर आला आणि गर्दीने साइटच बसली. त्यातलं शेवटचं ‘वंडर २’ हे गाणं लावून पाहा. इतकी वर्षं फ्लँजर नाही, फ्लँजर नाही म्हणणाऱ्या माणसाच्या गाण्यात चक्क विमान उडाल्यासारखी घरघर ऐकू येते.