इंटरफेजमधल्या पेशींची बाजू

अकरावीच्या प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाची स्लाइड झाली की सगळी मुलं एकच गोष्ट शोधतात: मेटाफेज, म्हणजे पेशीविभाजनाचा मधला टप्पा. गुणसूत्रं मधोमध रांगेला लागलेली पेशी कुणाला सापडली की त्या सूक्ष्मदर्शकाभोवती गर्दी होते, जर्नलमध्ये आकृती निघते, मी सही करते. आजूबाजूला गोल केंद्रकाच्या, एकसारख्या रंगलेल्या ढीगभर पेशी असतात. त्यांच्याकडे कुणी बघत नाही. "मॅडम, यांच्यात काहीच चाललेलं नाही," असं कुणीतरी दरवर्षी म्हणतंच. त्या पेशी इंटरफेजमध्ये, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या काळात असतात. त्यांच्या बाजूनं मला बोलायचं आहे.

आधी मोजून बघा. मुळाच्या टोकाशी प्रत्येक पेशी आपापल्या वेळेनं विभागते, सगळ्या एकदम नाही. त्यामुळे शंभरातल्या नव्वद पेशी इंटरफेजमध्ये दिसल्या, तर पेशीचा साधारण तेवढाच वेळ तिथे जातो असं धरता येतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीला एका फेरीला साधारण २४ तास लागतात. प्रत्यक्ष विभाजन त्यातलं जेमतेम तासाभराचं.

मग बाकीचा वेळ ती करते काय? याचा पत्ताही मुळाच्या टोकातच लागला, ही गोष्ट मला फार आवडते. १९५० नंतरच्या त्या पहिल्या वर्षांत लंडनमध्ये आल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी बाकल्याच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि कोणत्या केंद्रकांनी तो डीएनएत घेतला ते फोटोफिल्मवर पाहिलं. डीएनएची नक्कल इंटरफेजमधल्या एका ठरावीक काळातच होत होती. तिच्या आधी थोडा काळ, नंतर थोडा काळ. आधीचा तो जी-१, नकलेचा एस आणि नंतरचा जी-२. स्लाइड रंगवायच्या आमच्या ॲसिटोकार्माइनमध्ये हे तिन्ही सारखेच लाल दिसतात, त्यात मुलांचा काय दोष!

पण पुढे जायचं की थांबायचं, हे पेशी ठरवते कशी? इथे ब्रिटिश शास्त्रज्ञ पॉल नर्स यांचं काम मी वर्गात सविस्तर सांगते, तास संपला तरी. १९७०च्या दशकात एडिंबरोत ते एका यीस्टवर काम करत होते. पुरेशी वाढ व्हायच्या आतच विभागणाऱ्या, त्यामुळे आखूड राहिलेल्या पेशी ते शोधत. अशा जवळजवळ सगळ्या पेशींत एकच जनुक बिघडलेलं निघालं, 'वी-१'. ते जनुक म्हणजे ब्रेक. तो गेला की घाई होते. एक पेशी मात्र वेगळी निघाली. तिची प्लेट बुरशी लागली म्हणून नर्स यांनी आधी कचऱ्यात टाकली होती, मग मन राहवेना म्हणून परत जाऊन काढून आणली. तिच्यातला बदल 'सीडीसी-२' या जनुकात होता, आणि विभाजनाला हिरवा कंदील देणारं जनुक तेच निघालं. १९८७ साली त्यांच्या गटानं माणसाचं तेच जनुक, ते बिघडलेल्या यीस्टमध्ये घातलं. यीस्ट पुन्हा विभागायला लागलं! दोघांच्या वाटा वेगळ्या होऊन शंभर कोटींच्या आसपास वर्षं झाली असतील, तरी किल्ली तीच. २००१चं नोबेल नर्स, लेलँड हार्टवेल आणि टिम हंट यांना मिळालं ते याच शोधांसाठी.

कर्करोग शिकवताना मुलं 'वेगानं वाढणाऱ्या पेशी' असं लिहितात. मी तिथे 'न थांबणाऱ्या' असं लिहायला लावते. डीएनए तुटलेला असेल तर पी-५३ नावाचं प्रथिन पेशीला जी-१मध्येच अडवतं. दुरुस्ती होणार नसेल तर तिला मरायला लावतं. माणसाच्या साधारण निम्म्या कर्करोगांत या प्रथिनाचं जनुकच बिघडलेलं असतं.

म्हणून माझ्या वर्गात मेटाफेजच्या आकृतीशेजारी इंटरफेजच्या पेशींची मोजणीही लिहावी लागते. ती नसेल तर मी जर्नलवर सही करत नाही.