काटा टोचल्याएवढी जखम

भोसरीच्या एमआयडीसीतील ज्या प्रेस शॉपमध्ये मी मेंटेनन्सचा शिफ्ट इन्चार्ज होतो, तेथील एका रात्रपाळीची ही हकीकत आहे. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या 250 टनी हायड्रॉलिक प्रेसचा दाब मध्येच पडत होता आणि तिच्या पॉवर पॅकखाली, म्हणजे पंप व तेलाच्या टाकीच्या संचाखाली, तेल साचत होते. चोविशीतला आमचा फिटर बॅटरी घेऊन मशीनच्या मागे शिरला. गळती नेमकी कोठे आहे ते कळेना, नुसते धुक्यासारखे तेल हवेत तरंगताना दिसत होते. म्हणून त्याने पंप चालू असतानाच डावा हात होजवरून, म्हणजे तेलाच्या लवचीक नळीवरून, वरपासून खालपर्यंत फिरवत नेला. मी समोर उभा होतो आणि त्याला थांबवायला हवे होते. पण पंप बंद केला की गळतीही थांबते आणि मग ती सापडत नाही, ही सबब आम्हा सगळ्यांच्याच अंगवळणी पडली होती. त्या वेळी दाब दाखवणाऱ्या गेजवर 210 बार दाब होता, म्हणजे मोटारीच्या टायरमधील दाबाच्या जवळजवळ शंभरपट.

हात झटकत तो बाहेर आला. "काही नाही साहेब, काटा टोचल्यासारखं झालं," एवढेच म्हणाला. तर्जनीच्या टोकाच्या पेरावर टाचणीने केल्यासारखा एक ठिपका होता. रक्त नव्हते, आग होत नव्हती. रात्रीचे 11 वाजून 40 मिनिटे झाली होती. जवळच्या दवाखान्यात धनुर्वाताचे इंजेक्शन, पट्टी आणि दुखणे थांबण्याच्या गोळ्या मिळाल्या. परत आल्यावर मी अपघात नोंदवहीत 'किरकोळ, प्रथमोपचार केला' असे लिहून सही केली.

दोनच्या सुमारास तो हात छातीशी धरून बाकावर बसलेला दिसला. बोट सुजून ताठ झाले होते, पेर पांढरे पडले होते आणि गोळ्या घेऊनही ठणका वाढतच होता. आमचा एक वयस्क ऑपरेटर पूर्वी डिझेल पंपाच्या वर्कशॉपमध्ये नोझल टेस्टिंगवर, म्हणजे दाबाने डिझेल फवारणाऱ्या तोट्या तपासण्याच्या कामावर, होता. त्याने पट्टी सोडून पेर हलकेच दाबले, तेव्हा त्या ठिपक्यातून तेलाचा एक थेंब वर आला. रक्ताचा नव्हे, मशीनच्या तेलाचा. "साहेब, तेल आत गेलंय. याला आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्या," तो म्हणाला.

मी पुण्यात हाताची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर असलेल्या रुग्णालयात फोन केला. सुरक्षारक्षकाने आणलेला बर्फ लावू नका, कारण त्याने उरलासुरला रक्तपुरवठाही आखडतो, असे पलीकडून डॉक्टरांनी स्पष्ट बजावले. खायला-प्यायला काही देऊ नका आणि तेल कोणते ते कागदासह घेऊन या, हेही सांगितले. बॅरलवरच्या लेबलचा फोटो आणि तेलाचे माहितीपत्रक घेऊन आम्ही निघालो. पाचच्या आत तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता.

नंतर डॉक्टरांनी मला फोटो दाखवला. पेरापासून तळहाताच्या मध्यापर्यंत बोट उघडले होते. बोट वाकवणाऱ्या कंडरेच्या आवरणात पिवळसर तेल भरले होते आणि आजूबाजूची चरबी राखी रंगाची झाली होती. पहिला छेद देताच तेलाचा वास आला, असे ते म्हणाले. बाहेरच्या छिद्रावरून आतल्या नुकसानीचा काहीच अंदाज येत नाही. बोटात जागा अगदी थोडी असते, म्हणून शिरलेले तेल कंडरेच्या कडेने पुढे सरकते. अंगठा किंवा करंगळी असेल तर ते मनगटापर्यंतही पोचू शकते. एकीकडे दाबाने रक्तवाहिन्या चेपल्या जातात, दुसरीकडे रसायन पेशी मारत जाते. म्हणूनच बोटाच्या मुळाशी भूल न देता गळपट्टीच्या हाडाजवळ इंजेक्शन देऊन अख्खा हात बधिर केला होता. रंग आणि थिनर याहून वाईट. त्यात वेळेवर आलेल्या रुग्णाचेही बोट अनेकदा कापावे लागते. डिझेलच्या नोझलने झालेल्या अशा इजेची नोंद वैद्यकीय नियतकालिकात 1937 सालीच झाली होती, हे त्यांच्याकडून ऐकताना मला आमच्या ऑपरेटरची आठवण झाली. जे त्याला ठाऊक होते ते मला ठाऊक नव्हते, याची खंत मला अजूनही आहे.

डॉक्टरांनी सहज विचारले की, तुमच्याकडची कामगार मुले पाळी सुटताना अंगावरची धूळ एअर गनने, म्हणजे दाबाच्या हवेच्या नळीने, उडवतात का? उडवत होती, रोज. सुमारे 7 बार दाबाची धार त्वचा भेदू शकते, आणि कारखान्यातल्या हवेच्या लाइनला तेवढाच दाब असतो. साध्या ओरखड्यातून हवा कातडीखाली शिरली तर ती जागा फुगते आणि दाबल्यावर कुरकुर वाजते. डोळ्याचे आणि कानाच्या पडद्याचे नुकसान वेगळेच. मस्करीत सहकाऱ्याच्या गुदद्वाराशी हवेची नळी धरल्यामुळे आतडे फाटून कामगार दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे पुन्हा पुन्हा येतात. अशा प्रकाराला मस्करी म्हणणे मला मान्य नाही.

तिसऱ्या दिवशी जखम पुन्हा उघडून साफ करावी लागली. बोट वाचले. पुढे कित्येक महिने व्यायाम करूनही शेवटचा सांधा वाकत नाही आणि थंडीत ते बोट दुखते.

आता आमच्याकडे आधी पंप बंद होतो, मग अॅक्युम्युलेटरमधला, म्हणजे दाबाखालचे तेल साठवणाऱ्या टाकीतला, दाब सोडला जातो, कारण मोटार थांबली तरी तो दाब तसाच राहतो. गेज शून्यावर आल्याशिवाय होजला कोणी हात लावत नाही. दाब असताना गळती शोधावीच लागली तर लांब काठीला लावलेला पुठ्ठा लांबूनच फिरवतात. धार असेल तेथे पुठ्ठ्यावर डाग पडतो.

त्या सकाळी रुग्णालयातून परतल्यावर मी नोंदवही पुन्हा उघडली. रात्रीची ओळ खोडली नाही. तिच्याखाली लिहिले: 'दुरुस्ती. उच्च दाबाचे हायड्रॉलिक तेल, ग्रेड 68, 210 बार, डाव्या तर्जनीत शिरले. वेळ रात्री 11.40. इजा गंभीर.' आणि पुन्हा सही केली.