एकरी अडीच टन

उत्तर स्पेनमधल्या लोग्रोन्यो शहराच्या अलीकडे, एब्रो नदीवरचा पूल दिसण्याआधी, रस्त्याच्या कडेला एक साधं घर लागतं. तिथं एक आजी वर्षानुवर्षं टेबल मांडून बसायची आणि सांतियागोला, म्हणजे त्याच नावाच्या संताच्या (संत जेम्सच्या) क्षेत्राला, पायी निघालेल्यांच्या यात्रापुस्तिकेवर शिक्का मारायची. शिक्क्यावर लिहिलेलं: अंजीर, पाणी आणि प्रेम. 2002 साली ती गेली, मग तिच्या मुलीनं ते टेबल चालवलं. पंढरीच्या वाटेवर पिठलं-भाकरी घेऊन उभ्या राहिलेल्या बाया ज्यानं पाहिल्यात, त्याला यात नवल वाटत नाही. मला नवल वाटलं ते आजूबाजूच्या द्राक्षांचं.

मी निफाडकडचा. घरी थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग आणि गळ्यात माळ असलेले वडील. नाना निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला चालत जातात. आमच्या भागात वाइनची द्राक्षं करारावर लावून घ्यायला माणसं फिरू लागली तेव्हा नानांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. "पांडुरंगाला तोंड दाखवायचंय," एवढंच म्हणाले. मी माळ घातलेली नाही. कामिनोला, म्हणजे सांतियागोच्या या पायी यात्रेला, जातोय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "तुझी दिंडी कितवी?" दिंडी नसते, ज्यानं त्यानं आपापलं चालायचं, असं सांगितल्यावर म्हणाले, "मग ती वारी कसली?"

प्रश्न खरा होता. फ्रान्सच्या सीमेपासून सांतियागोपर्यंत ही वाट साधारण 780 किलोमीटरची. पिवळे बाण आणि शिंपल्याच्या खुणा बघत चालायचं. टाळ नाही, मृदंग नाही, पुढच्या माणसाची पाठसुद्धा कधीकधी अर्धा दिवस दिसत नाही. आणि वाइन तर पाठच सोडत नाही. इराचेच्या मठाशेजारी 1991 साली बसवलेला एक नळच आहे, त्यातून यात्रेकरूंना फुकट वाइन मिळते. शेजारच्या नळाला पाणी. रात्री यात्रेकरूंसाठी जे ठरावीक जेवण असतं, त्यात वाइन धरलेलीच असते.

एका बागेत तोडणी चालू होती. आमच्याकडे वेल मांडवावर नाहीतर इंग्रजी Y आकाराच्या लोखंडी अँगलवर चढवलेला असतो, माणूस खालून उभा राहून घड तोडतो. इथल्या जुन्या बागांत तार नाही, अँगल नाही. गुडघाभर उंचीचं जाडजूड, पिळवटलेलं खोड आणि त्याच्या अंगालाच लटकलेले निळे-काळे घड. तोडणारे कमरेत वाकून काम करत होते. संध्याकाळी त्यांच्या पाठीचं काय होत असेल ते त्यांनाच ठाऊक. एकानं घड हातात दिला. जात तेम्प्रानियो. साल जाड, आत बिया, पण गोडी अशी की आमच्या बाजारात मणी लहान म्हणून ज्याला कुणी विचारणार नाही, त्याच मालाला इथं एवढा मान का, ते जिभेनं सांगितलं.

पूल ओलांडला की डावा-उजवा विचार न करता रुआव्हिएखा या जुन्या गल्लीत शिरायचं. यात्रेकरूंची वाट तीच. गल्लीखाली दगडी कमानींची लांबच लांब तळघरं आहेत, तिथं पूर्वी वाइन मुरवायचे. 1635 साली इथल्या नगरप्रमुखानं तळघरांजवळच्या रस्त्यांवरून बैलगाड्यांना बंदी घातली होती: हादऱ्यानं खालची वाइन बिघडेल म्हणून. माणसांची झोपमोड होते म्हणून कुणी गाड्या थांबवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

पुढं सांतियागोचं देऊळ. त्याच्या दारावर संत घोड्यावर स्वार आहे, हातात तलवार, घोड्याच्या पायाखाली मूर सैनिकांची मुंडकी. इतके दिवस ज्याच्या नावानं चालत होतो त्याचं हे रूप पाहून मी जरा मागे सरकलो. कंबरेवर हात ठेवून नुसत्या उभ्या असलेल्या देवाची सवय. समोरच्या चौकातल्या फरशीवर मात्र यात्रेच्या वाटेचा भलामोठा सोंगट्यांचा पट आखलाय, त्यावर पोरं उड्या मारत होती. ते बरं वाटलं.

गाव सणात होतं. 21 सप्टेंबरला सान मातेओ, म्हणजे इथला द्राक्षतोडणीचा उत्सव. एस्पोलोनच्या बागेत पारंपरिक वेशातली माणसं अनवाणी पायांनी द्राक्षं तुडवतात आणि निघालेला पहिला रस वाल्वानेराच्या मातेला, म्हणजे इथल्या मेरीमातेला, वाहतात. रस हं, वाइन नव्हे; अजून आंबलेला नसतो. नानांनाही चालला असता. जूनमध्ये, सान बेर्नाबेच्या दिवशी, याच गावात पाव, मासा आणि वाइन वाटतात. 1521 साली फ्रेंचांचा वेढा पडला तेव्हा गावकरी ह्याच तीन गोष्टींवर तगले म्हणे.

संध्याकाळी काये लाउरेल. दोन माणसं हात पसरून उभी राहिली तर अडेल एवढी गल्ली, आणि दोन्ही बाजूंना खेटून बार. एका ठिकाणी बसून जेवायचं नसतं. एका बारमध्ये एक घास आणि एक छोटा ग्लास, की पुढचा बार. एका ठिकाणी फक्त मशरूम मिळतात: तव्यावर भाजलेले, लसणाच्या तेलात न्हालेले, पावाच्या तुकड्यावर एकावर एक रचलेले आणि वर कोळंबी. कोळंबी काढून द्या म्हटल्यावर काउंटरमागच्या माणसानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. तिथंच सकाळपासून पुढे-मागे चालणारी सगळी तोंडं भेटली: फोड आलेली जर्मन बाई, न बोलणारा कोरियन पोरगा, दोघं ब्राझीलचे. दिवसभर एकेकटे चाललेले सगळे आता एकमेकांचे पाय विचारत होते. मी एक ग्लास घेतला. नानांची दिंडी मला जी सापडली ती अशी, दारूच्या गुत्त्यांच्या गल्लीत. हे त्यांना सांगितलेलं नाही.

इथून पुढं, वाटेपासून थोडं आडबाजूला, सान मियानचे मठ आहेत. तिथला गोंझालो दे बेर्सेओ हा तेराव्या शतकातला कवी. लॅटिन सोडून लोकांच्या बोलीत संताचं चरित्र लिहीन म्हणाला, आणि मोबदला म्हणून चांगल्या वाइनचा एक ग्लास पुरेल असंही लिहून गेला. त्याच शतकात, 1290 साली, आपल्याकडे माउलींनी मराठीत ग्रंथ पुरा करून पसायदान मागितलं. मागण्यांत फरक आहे, तो काही मी मिटवायला जाणार नाही. पण दोघंही आपापल्या शेजाऱ्यांच्या भाषेत लिहीत होते.

सकाळी ग्राहेराच्या तळ्याकाठून नावार्रेतेकडे निघालो तेव्हा नानांना फोन लावला. तिकडं ऑक्टोबर छाटणीची तयारी.

"माल कसाय तिकडं?"

"चांगलाय. पण लाल द्राक्षं हेक्टरी साडेसहा हजार किलोच्या वर चालत नाहीत. नियम आहे."

हिशेब त्यांनी तोंडीच केला. "एकरी अडीच टन? आपण आठ-दहा काढतो. आणि जास्त आला तर?"

"हिरवा असतानाच घड कापून टाकतात."

"विरळणी आपण पण करतो. पण अडीच टनात खर्च कसा निघतो?"

मी सांगितलं की वाइन लगेच विकत नाहीत. क्रिआन्सा या दर्जाची म्हणवायला दोन वर्षं, त्यातलं किमान एक लाकडी पिंपात. रेसेर्वाला तीन. ग्रान रेसेर्वाला पाच.

"पाच वर्षं माल घरात? आणि व्याज कोण भरतं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वाइन घेतलीस का, हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "त्या बुटक्या खोडांचे फोटो पाठव. जवळून काढ, छाटणी कुठं मारलीय ते दिसलं पाहिजे."

नावार्रेतेच्या पुढं तासभर त्यातच गेला. नाहेराला पोचलो तेव्हा धर्मशाळेतल्या खालच्या खाटा केव्हाच संपल्या होत्या.