सिरम मधासारखं स्वच्छ होतं

गटारीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या लॅबमध्ये एक तरी ट्यूब अशी निघतेच की नवीन लागलेली पोरगी सेंट्रिफ्यूजचं झाकण उघडते आणि ओरडते, "मॅडम हे बघा, दूध!" आणि खरंच दूध असतं, म्हणजे रक्ताच्या गाठीवर जे पिवळसर पाणी यायला पाहिजे, ज्याला आम्ही सिरम म्हणतो, ते पांढरंफट्ट. रिपोर्टवर आम्ही लायपेमिक सँपल असं लिहितो. ती ट्यूब रात्रभर फ्रीजमध्ये उभी ठेवली ना तर सकाळी वर चक्क साय धरते, बोटाने उचलावी अशी. (उचलू नये अर्थात.)

मी सांगलीत एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये 16 वर्षं काम करते, ही साय मी शेकडो वेळा बघितलीय. ती म्हणजे कायलोमायक्रॉन, जेवणातलं तेल-तूप-मटणाची चरबी आतड्यातून उचलून रक्तात नेणारे मोठमोठे कण. सायीखालचं पाणीही गढूळच राहिलं तर त्यात लिव्हरने तयार केलेले व्हीएलडीएल नावाचे चरबीचे कण भरपूर असतात. पेशंटला ट्यूब दाखवली की त्याची पाचावर धारण बसते, दारू पंधरा दिवस तरी बंद. आणि भीती खोटी नाही, ट्रायग्लिसराइड (टीजी), म्हणजे रक्तातली चरबी, हजाराच्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि ते दुखणं भयंकर असतं. पण हार्टचं म्हणाल तर कायलोमायक्रॉन इतके मोठे असतात की धमनीच्या भिंतीत शिरायला त्यांना वाटच मिळत नाही.

भिंतीत शिरतो तो एलडीएल, रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा कण, ज्याला लोक वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात. आणि एलडीएल डोळ्यांना दिसत नाही. 20-25 नॅनोमीटरचा कण, एवढा बारीक की प्रकाशही त्याच्यावरून नीट विखुरत नाही, त्यामुळे एलडीएल 70 असलेला माणूस आणि 270 असलेला माणूस यांच्या ट्यूब शेजारी शेजारी धरा, दोन्ही मधासारख्या स्वच्छ. हे मी डीएमएलटीला (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) शिकले होते, परीक्षेत लिहिलं पण होतं, पण डोक्यात घुसलं ते दादाच्या ट्यूबने.

झालं असं की गेल्या वर्षी गणपतीला सगळे घरी होते, दादा पाटावर बसलेला, पाय मागे घेऊन, आणि मी मागून आरतीचं ताट घेऊन येताना माझी नजर त्याच्या टाचेवर गेली. टाचेच्या वर जी जाड शीर असते, म्हणजे शीर नाही ती, स्नायूबंध, ती एवढी जाड? मी आरती संपल्यावर सरळ खाली बसून दोन बोटांत धरून बघितली, वहिनी म्हणाल्या, अहो वन्सं काय करताय, सगळे हसले. मला मात्र आमचा मामा आठवला. मामाच्या टाचा अशाच होत्या, मागून पट्टा असलेल्या चपला त्याला चालायच्याच नाहीत, आणि त्याच्या बुबुळाभोवती एक पांढरट कडं होतं, आम्ही पोरं म्हणायचो मामाच्या डोळ्यात अंगठी आहे. मामा 1998 साली 46 व्या वर्षी गेला, अटॅक. सडपातळ माणूस, माळकरी, अंडंसुद्धा न खाणारा. अजूनही त्याचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, बघा, एवढं पाळून काय मिळालं.

टाचेची ती जाडी आणि डोळ्यातलं ते कडं, दोन्ही साठलेल्या कोलेस्टेरॉलची खूण असू शकते, म्हणून दादाचं रक्त मी दुसऱ्याच दिवशी काढलं. ट्यूब फिरवली, सिरम एकदम सुंदर, पारदर्शक, सोनेरी. टोटल कोलेस्टेरॉल 312, एचडीएल (ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात) 52, टीजी 110. आता इथं एक गंमत, बऱ्याच छोट्या लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, ते वजाबाकी करून काढतात, 1972 चं फ्रीडवाल्डचं सूत्र आहे, टोटलमधून एचडीएल वजा करा आणि टीजीला 5 ने भागून तेही वजा करा (टीजी 400 च्या वर असेल तर हे सूत्र चालत नाही, म्हणून त्या दुधाच्या ट्यूबवर आम्ही ते वापरत नाही). 312 वजा 52 वजा 22. आलं 238. मी दोनदा केलं, मग कंट्रोल (ज्याचा आकडा आधीच माहीत असतो असं सँपल) लावून परत तिसऱ्यांदा केलं.

आणि राग कशाचा आला माहितीय, दादाकडे 3 वर्षांपूर्वीच्या कंपनीच्या चेकअपचा रिपोर्ट होता कपाटात, त्यात एलडीएल 229 होता आणि खाली पेनाने लिहिलं होतं, "तेलकट टाळा". बस. मोठ्या माणसाचा एलडीएल 190 च्या वर असेल तर तेलकटाचा विषय नंतर, आधी घराण्यात कोणी लवकर गेलंय का विचारायचं असतं. दादाने बिचाऱ्याने खरंच तेलकट टाळलं, घाण्याचं तेल आणलं, वर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेली पिशवी बघून आणलं. अरे शेंगदाण्याच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच कधी, वनस्पतीचं ना ते, मग हे म्हणजे केळ्यावर 'हाडं नाहीत' असं लिहून विकल्यासारखं झालं.

या आजाराला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात, आपण आनुवंशिक म्हणू. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो, म्हणजे सांगलीतल्या एका मोठ्या लग्नाच्या पंगतीत दोन-तीन तरी जण. लिव्हरच्या पेशींवर एलडीएलला पकडून आत ओढणारे रिसेप्टर असतात, त्यांचा जीन आई-बाबांकडून एकेक येतो, एक बिघडलेला आला की पकडणारे हात जवळपास अर्धेच. एरवी एलडीएलचा कण रक्तात अडीचेक दिवस फिरून लिव्हरमध्ये जातो, यांच्यात तो जवळजवळ दुप्पट दिवस फिरत राहतो. हे डॅलसच्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन या दोघांनी शोधलं, 1985 चं नोबेल त्यांना त्यावरच मिळालं. आता विचार करा, हे जन्मापासून चालू. कण धमनीच्या अस्तराखाली शिरतो, तिथं अडकतो, मग पांढऱ्या पेशी त्याला गिळायला येतात, गिळून गिळून फेसाळ होतात आणि तिथंच मरतात, त्याचा गाळ साठत जातो, आणि एक दिवस तो फुटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते. मामाला 46 वर्षं लागली. म्हणजे अटॅक 98 साली आला असला तरी सुरुवात पाळण्यातच झालेली.

त्या न दिसणाऱ्या कणाला पहिल्यांदा पकडलं कसं हे मला फार आवडतं म्हणून सांगते. आमचा सेंट्रिफ्यूज मिनिटाला 3000 फेरे मारतो, त्यात एलडीएल हलतसुद्धा नाही. 1940 च्या दशकाच्या शेवटी बर्कलेत जॉन गॉफमनकडे अल्ट्रासेंट्रिफ्यूज होता, 50 हजारांच्या आसपास फेऱ्यांचा, आणि त्याने युक्ती काय केली, तर सिरममध्ये मीठ घालून ते जड केलं. साध्या पाण्यात बुडणारं अंडं मिठाच्या पाण्यात वर येतं तसे हे कण वर तरंगायला लागले, हलके आधी, जड नंतर, आणि मग कळलं की कोलेस्टेरॉल एकच नाही, त्याला वाहून नेणारे वेगवेगळे हमाल आहेत. लो डेन्सिटी, हाय डेन्सिटी ही नावं त्या तरंगण्यावरूनच आलीत, चांगलं-वाईट नंतर चिकटलं.

त्या चांगल्या कोलेस्टेरॉलने पण लई घोळ केलाय. दादा मला काय म्हणाला, "अगं पण माझं चांगलं 52 आहे की, ते साफ करेल." मलाही आधी असंच वाटायचं. 2006 मध्ये टॉरसेट्रॅपिब नावाचं औषध सुमारे 15 हजार लोकांवर तपासत होते, एचडीएल भरमसाठ वाढलं, आणि औषध घेणाऱ्यांतच मृत्यू जास्त व्हायला लागले म्हणून अर्ध्यात बंद केलं. तेव्हापासून मी एचडीएलवर खूश व्हायचं सोडलंय.

मग डॉक्टर, गोळी. गोळीवरून घरात महाभारत. आईचं म्हणणं स्टॅटिन, म्हणजे ही कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी, एकदा सुरू केली की सुटत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. मी म्हटलं आई, तुझी बीपीची तरी कुठं सुटलीय. शेवटी तिला पटलं ते वेगळ्याच गोष्टीवर, मी सांगितलं की जपानच्या अकिरा एंडोंनी 6 हजारांवर बुरश्या वगैरे तपासल्या आणि पहिलं स्टॅटिन सापडलं ते क्योटोच्या दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत, तर म्हणाली, म्हणजे तांदळातलंच आहे की! हो आई, तांदळातलंच. (गोळी लिव्हरमधलं कोलेस्टेरॉल बनवणं कमी करते, मग लिव्हर ते रक्तातून ओढायला जास्त रिसेप्टर लावतं. दादाचा एक जीन तरी ठीक आहे ना, त्याच्या जिवावर.) स्टॅटिन आणि इझेटिमाइब (आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करणारी दुसरी गोळी) मिळून 3 महिन्यांत 238 चे 92 झाले. डॉक्टर म्हणाले अजून खाली आणायचंय.

मामा आईचा भाऊ, म्हणजे आईकडून आलं असणार, म्हणून आईचं आणि माझंही रक्त काढलं. आईचं 204, वयाच्या 69 व्या वर्षी, कधी कुणी तपासलंच नव्हतं, फक्त शुगर आणि बीपी. माझं 104. मला सुटल्याचा आनंद झाला आणि लगेच लाज वाटली.

राहिली दादाची दोन पोरं. प्रत्येकाला निम्मी शक्यता, छापा-काटा. वहिनी आधी नको म्हणाल्या, एवढ्या लहान पोरांना सुया कशाला, मग एक दिवस स्वतःच दोघांना घेऊन लॅबमध्ये आल्या, उपाशीपोटी, मी म्हटलं लिपिडला आता उपाशी राहायची सक्ती नसते बऱ्याचदा, तर धाकट्याने वहिनींकडे असं बघितलं! दोघांच्या ट्यूब रॅकमध्ये शेजारी ठेवल्या. दोन्ही स्वच्छ. मशीन चालू असताना मी त्या उजेडासमोर धरून बघत बसले होते, सगळं माहीत असून.

धाकट्याचं 88. दहा वर्षांच्या चिऊचं 187.

पुढच्या गुरुवारी मुलांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. रिपोर्ट प्रिंट होऊन आला तेव्हा चिऊनेच उचलला, आकड्यापुढे ठळक एच छापला होता, म्हणाली, "आत्या, हे एच म्हणजे काय?"

मी म्हटलं, "हाय."

तर म्हणाली, "हॅलो."