ऱ्होड्सचा आवाज लॅपटॉपवर आणताना

मला सत्तरच्या दशकातल्या ऱ्होड्स मार्क वन या इलेक्ट्रिक पियानोचा आवाज हवा होता. खरं वाद्य घ्यायचं तर पैसा आणि जागा दोन्ही पाहिजे, म्हणून मिडी कीबोर्ड आणि लॅपटॉपवरच जमवायचं ठरवलं. आधी सॅम्पलवाली, म्हणजे खऱ्या वाद्याची रेकॉर्डिंग वाजवणारी लायब्ररी लावून बघितली, सुटी नोट एकदम खरी वाटते पण तीच कॉर्ड जोर वाढवत वाजवली की आवाज टप्प्याटप्प्याने बदलतो आणि एकदा ते कानाला कळलं की मग तेवढंच ऐकू येत राहतं. मग फिजिकल मॉडेलिंगवर आलो, लाउंज लिझर्ड नावाचं प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं वाद्य. यात रेकॉर्डिंग नाही, हॅमर, टाइन, पिकअप सगळ्याचं गणित वाजवता वाजवता होतं.

आणि खरी मजा पिकअपमध्येच आहे! ऱ्होड्समध्ये तारा नसतात, हॅमर पोलादाच्या बारीक सळईवर बसतो, तीच टाइन, आणि तिच्या टोकासमोर तिच्या कंपनांचा विजेचा सिग्नल करणारा मॅग्नेटिक पिकअप असतो. टाइन बरोब्बर पिकअपच्या मध्यावर आली तर मूळ सूर दबतो आणि वरच्या सप्तकातला सूर पुढे येतो, जरा बाजूला सरकली की मूळ सूर भरून येतो. प्लगइनमध्ये हेच सिमेट्रीच्या नॉबवर आहे, मी तो मध्यापासून अगदी थोडाच हलवला आणि डिस्टन्स, म्हणजे टाइन आणि पिकअपमधलं अंतर, कमी केलं, म्हणजे जोरात मारल्यावर तो गुरगुरणारा आवाज मिळतो. हळू वाजवलं की गोड, जोरात वाजवलं की खरखरीत, ऱ्होड्सचा जीव यातच आहे असं माझं ठाम मत.

पण माझ्या कीबोर्डच्या की हलक्या, जरा बोट पडलं की फुल व्हेलॉसिटी, म्हणजे की पूर्ण जोरात मारल्याची नोंद, त्यामुळे सगळंच गुरगुरायला लागलं. व्हेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे बोटाच्या जोराला किती प्रतिसाद द्यायचा ते ठरवणारी रेघ, खाली वाकवला तेव्हा कुठे बोटांना ताबा आला, आणि खरं सांगतो, कुठल्याही इफेक्टपेक्षा याने जास्त फरक पडला.

ट्रेमोलो, म्हणजे आवाजाची लयीतली चढउतार, स्टीरिओच ठेवा, ऱ्होड्सच्या सूटकेस मॉडेलमध्ये आवाज डावीकडून उजवीकडे फिरायचा. स्टेज मॉडेलला स्वतःचे स्पीकर नव्हते, लोक गिटार अ‍ॅम्पला जोडायचे, म्हणून मी फेंडरच्या ट्विन रिव्हर्ब या गिटार अ‍ॅम्पसारखा अ‍ॅम्प सिम्युलेटर लावला, ड्राइव्ह (आवाज फाटण्याचं प्रमाण) नावापुरताच. बेस गिटार असेल तर डाव्या हाताचे खालचे सूर इक्यूने (इक्वलायझरने) थोडे कापा, नाहीतर खाली नुसता गोंधळ होतो.

आता वुर्लित्झर २००ए हा दुसरा इलेक्ट्रिक पियानो करायला घेतलाय, त्यात टाइनऐवजी पोलादी रीड आणि पिकअप इलेक्ट्रोस्टॅटिक (चुंबकाऐवजी विद्युतभारावर चालणारा), म्हणजे सिमेट्री-डिस्टन्स परत पहिल्यापासून.