मेंढीचोर बाप आणि युथिफ्रो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतरी प्राचीन चीनचा विचारवंत कन्फ्युशियस वाचतोय म्हटलं की हा प्रश्न ठरलेलाच असतो: ते खरंच तत्त्वज्ञान आहे का हो, की नुसते सुविचार? ग्रीकांसारखं आर्ग्युमेंट कुठंय त्यात?

दोन्हीकडे जवळपास सारखीच केस आहे, ती बघा. शे प्रांताचा सरदार कन्फ्युशियसला कौतुकाने सांगतो, आमच्याकडे एक माणूस इतका सरळ आहे की बापाने मेंढी चोरली तर याने बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्युशियस म्हणतो, आमच्याकडचे सरळ लोक वेगळे, बाप पोराला पाठीशी घालतो आणि पोरगा बापाला, सरळपणा त्यातच आलाय. बास, एवढंच, का ते सांगत बसत नाही.

आता अथेन्स, इ.स.पू. 399. सॉक्रेटिस स्वतःच्या खटल्यासाठी आलाय, तिथे त्याला युथिफ्रो नावाचा माणूस भेटतो, आणि हा गडी सख्ख्या बापावर खुनाची केस टाकायला निघालाय. झालं असं की नॅक्सोस बेटावरच्या शेतावर एका मजुराने दारूच्या नशेत गुलामाचा गळा चिरला, बापाने त्या मजुराला हातपाय बांधून खड्ड्यात टाकलं आणि पुढे काय करायचं ते विचारायला अथेन्सला माणूस पाठवला, तो परत यायच्या आत मजूर थंडीने आणि उपासमारीने मेला. सॉक्रेटिसला हे ऐकून नवल वाटतं, पण केस कर किंवा करू नको असं काही तो म्हणत नाही, तो विचारतो की धर्माला धरून वागणं म्हणजे नेमकं काय ते सांग. मग एकेक व्याख्या कोसळत जाते आणि शेवटी युथिफ्रो घाई आहे म्हणून सटकतो. बापाचं काय झालं, हा संवाद लिहिणारा प्लेटो सांगतच नाही (मला दरवेळी चिडचिड होते).

मला वाटतं फरक ऐकणाऱ्यांचा आहे. अथेन्सच्या कोर्टात शेकडो सामान्य नागरिक निवाडा करायचे, तिथे कुणीही उलटतपासणी केली तरी टिकेल असंच बोलावं लागायचं. कन्फ्युशियस एखादा राजा आपलं ऐकेल म्हणून राज्याराज्यातून फिरत होता.

पण चीनमध्ये वाद नव्हता असं नाही हं. मोझी या दुसऱ्या चिनी विचारवंताच्या पंथाने तर ग्रीकांसारखी वर्तुळाचीसुद्धा व्याख्या करून ठेवलीय. आणि कन्फ्युशियसनंतर दोन-अडीचशे वर्षांनी हान फेइ या कडक कायद्याचा पुरस्कार करणाऱ्या विचारवंताने तीच मेंढी परत काढली, त्याच्या गोष्टीत तक्रार करणाऱ्या पोरालाच मंत्री ठार मारायला सांगतो. हान फेइ म्हणतो बघा, राजाशी सरळ वागणारा बापाशी वाकडा ठरतो आणि बापाशी सरळ वागणारा राजाशी, मग राजाने दोघांनाही शाबासकी देऊन राज्य कसं चालवायचं? माणूस कडक, मला फारसा आवडत नाही, पण कन्फ्युशियसला खरा अडचणीत टाकतो तो हाच.