सहाशे लारी आणि बेळगावच्या तीन खेपा

जॉर्जिया नावाचा देश आहे, हे बँकेत पटवून द्यायला मला निपाणीहून बेळगावला दोनदा जावं लागलं. एकेका खेपेला जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. तिसऱ्या खेपेला पैसे रवाना झाले. जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, एका कुत्र्याच्या मोडलेल्या पायासाठी हे सगळं. परदेशात असं काही करायची वेळ कुणावर आली तर उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे, आणि राग अजून निवलेला नाही म्हणूनही.

मुलगी तिथं एमबीबीएसला होती. सहा वर्षं संपली, तिचं बिऱ्हाड आवरायला मी गेले. जाण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, सगळं सुरळीत झालं. ती वाझा-प्शावेला रस्त्यावर मेडिकल युनिव्हर्सिटीच्या मेट्रो स्टेशनजवळ राहायची. इमारतीच्या दाराशी एक तांबूस कुत्रा पडलेला असायचा, मुलींनी त्याला तांबू नाव ठेवलेलं. कानात प्लास्टिकचा बिल्ला. तिथं भटक्या कुत्र्यांची नसबंदी करून, रेबीजची लस टोचून, कानात बिल्ला लावून त्यांना परत त्यांच्या जागी सोडतात. आपल्याकडे त्यासाठी कानाचा कोपरा कापतात. तळमजल्यावरच्या आजी रोज सकाळी हाडाच्या रश्शात पाव कुस्करून त्याच्यापुढे ठेवायच्या आणि तो खाऊन होईपर्यंत काठी टेकून उभ्या राहायच्या.

आमच्या निघण्याच्या दोन दिवस आधी त्याला गाडीनं उडवलं. मागचा उजवा पाय गुडघ्याच्या वर मोडून लोंबत होता. मी धावत जाऊन हात लावणार, तेवढ्यात मुलीनं मला मागं ओढलं. वेदनेतलं कुत्रं, कितीही ओळखीचं असलं तरी, चावतं. तिनं आधी ओढणीनं त्याचं तोंड बांधलं, मग आम्ही दोघींनी त्याला चादरीवर सरकवलं. तिथल्या एका प्राणिमित्र गटाला तिनं फोटो, लोकेशन आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर पाठवला. त्यांचा पोरगा गाडी घेऊन आला. दवाखान्यात प्लेट घालून ऑपरेशन ठरलं, खर्च नऊशे लारी, म्हणजे तिथलं चलन.

माझ्याजवळ रोख तीनशे होते. मुलीचं तिथलं खातं आदल्याच दिवशी बंद केलेलं. माझं कार्ड परदेशात चाललं नाही, कारण ते परदेशी व्यवहारांसाठी मी सुरूच केलं नव्हतं. आपली कार्डं मुळात देशातल्या वापरापुरतीच सुरू असतात, बाहेरचा वापर ॲपमधून आपणच चालू करायचा असतो. निघण्याआधी पाच मिनिटं काढून हे करा. मी तेवढं केलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. गट म्हणाला, सध्या आम्ही भरतो, तुम्ही घरी जाऊन पाठवा. मी शब्द दिला.

निपाणीच्या शाखेत पहिले दोन दिवस ‘नाळे बन्नी अक्का’, म्हणजे ‘उद्या या ताई’, यातच गेले. तिसऱ्या दिवशी कळलं की परदेशी रक्कम या शाखेतून जातच नाही, बेळगावच्या मोठ्या शाखेत जावं लागेल. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं का? तेव्हा आधी फोन करून विचारा की परकीय चलनाचं काम तुमच्या शाखेत होतं का.

बेळगावात परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म भरला, पॅन दिला, एलआरएसचं, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेचं, प्रतिज्ञापत्र केलं. त्या योजनेखाली आपल्याला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. माझे होते जेमतेम सव्वादोनशे. साहेब म्हणाले, “जॉर्जिया म्हणजे अटलांटाच ना, मॅडम?” मी म्हटलं, नाही, ते अमेरिकेतलं राज्य, हा तुर्कस्तानच्या शेजारी, काळ्या समुद्राकाठी, वेगळा देश आहे. त्यांनी मान हलवली आणि अमेरिका निवडली. मी समोरच बसले होते, पण स्क्रीन त्यांच्याकडे वळलेला. आठ दिवसांनी निरोप आला: अमेरिकेतल्या बँकेचा राउटिंग नंबर नाही, अर्ज परत.

दुसऱ्या खेपेला टेबलावर दुसरे साहेब. आता जॉर्जिया पटलं, पण ‘जीई’ म्हणजे जर्मनी असावं असं त्यांना वाटलं. मी घरून तयारी करून गेले होते. स्विफ्ट कोड म्हणजे बँकेची आंतरराष्ट्रीय ओळख, त्यातलं पाचवं आणि सहावं अक्षर देशाचं असतं. जर्मनीचं डीई, जॉर्जियाचं जीई. आयबॅन, म्हणजे तिकडच्या खात्याचा क्रमांक, तोही त्याच दोन अक्षरांनी सुरू होतो आणि मोजून बावीस अक्षरांचा असतो. मी बोट ठेवून एकेक अक्षर मोजून दाखवलं. माझ्या पासपोर्टवर जन्मगाव बेळगाव आहे आणि आधारवर जिल्हा बेळगावी. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून एकाच जागेची ही दोन नावं मी प्रत्येक खिडकीत समजावत आले आहे. मग एका नावाच्या दोन जागा असू शकतात, हे ऐकून घ्यायला त्यांना एवढं जड का जावं?

मग पैसे कशासाठी चाललेत त्या कारणाचा कोड. ते म्हणाले, मुलगी तिकडं होती ना, ‘कुटुंबाचा निर्वाह’ लिहू, सोपं पडतं. मी नाही म्हटलं. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखालच्या कागदावर सही माझी, खोटं कारण मी का लिहू? मग त्यांनी वैद्यकीय उपचार सुचवला. तो माणसांसाठी असतो. परदेशी धर्मादाय संस्थेला देणगीचा कोड वेगळा आहे, एस १३०३. हा कागदावर लिहूनच न्या. वीस टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापावा लागेल असंही सांगून झालं. तो वर्षाला दहा लाखांच्या वर लागतो.

शेवटी संस्थेच्या नोंदणीचा पुरावा मागितला. गटानं पाठवलेला उतारा जॉर्जियन लिपीत होता, सगळी गोल गोल अक्षरं. साहेबांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “ह्यात काय लिहिलंय हे मला कसं कळणार?” मी गप्प राहिले. लग्नानंतर सासरच्या शेताचा कानडी उतारा पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी अगदी असाच धरला होता. त्या एका ठिकाणी मला त्यांचा राग आला नाही. मी त्याच रात्री गटाला लिहिलं, त्यांनी लेटरहेडवर इंग्रजी पत्र पाठवलं, त्यावर नोंदणी क्रमांक, आयबॅन आणि रक्कम कशासाठी ते. हे पत्र पहिल्याच दिवशी मागवून ठेवा.

तिसऱ्या खेपेला पासबुक हातात देताना ते म्हणाले, “इथं काय कुत्री कमी आहेत, मॅडम?” कमी नाहीत. आमच्या गल्लीतल्या दोन कुत्र्यांची नसबंदी मी पदरच्या पैशानं करून घेतली आहे, तिसरीसाठी जमवते आहे. पण तांबूच्या वेळी मी तिथं होते आणि शब्द मी दिला होता. एवढंच त्यांना सांगितलं.

मधल्या बँकांचं शुल्क आपण भरायचा पर्याय फॉर्मवर असतो, तो निवडा, नाहीतर पोचेपर्यंत रक्कम झिजते. आणि एक राहिलंच. ज्यांना रस्त्यावरच्या कुत्र्या-मांजरांना हात लावल्याशिवाय राहवत नाही, त्यांनी जाण्याआधी डॉक्टरांना विचारून रेबीजची लस घ्यावी. नख जरी लागलं तरी पंधरा मिनिटं साबणानं धुवून लगेच दवाखाना गाठायचा. लस आधी घेतलेली असली तरीही.

तेविसाव्या दिवशी गटाचा निरोप आला, ‘मादलोबा’, म्हणजे धन्यवाद. खाली दवाखान्याची पावती, बाकी शून्य. सोबत एक छोटा व्हिडिओ होता. इमारतीचं तेच दार, तांबूचा पाय अजून भादरलेला, खाताना तो टेकवत होता आणि उचलत होता. कडेला आजींची काठी दिसत होती.